आधी ड्रॉइंग की आधी चामडं?

ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली, वय २५. आमच्या घरात कोल्हापुरी चपलांचं काम आहे, बाबा तळ कापतात, शिवतात, आई वेण्या घालते. मी पुण्यात अ‍ॅक्सेसरी डिझाइनचा कोर्स केला आणि मागच्या वर्षी घरी परत आले. मला चपला नाही करायच्या, मला बॅगा आणि गळ्यातले मोठे पीस करायचेत, शिल्पासारखे, म्हणजे घातले नाहीत आणि नुसते ठेवले तरी बघावेसे वाटतील असे. प्रॉब्लेम असा आहे की स्केच काढून त्याप्रमाणे करायला गेले की पीस मेल्यासारखा होतो. आणि नुसतं चामडं ओलं करून पिळत दुमडत बसले की काहीतरी भारी निघतं, पण ते दुसऱ्यांदा जमत नाही. बाबा म्हणतात कातडं वाया घालवतीयेस, आधी काय करायचंय ते ठरव. कॉलेजमध्ये सर पण तेच म्हणायचे, आधी कन्सेप्ट दाखवा. आता मुंबईच्या एका बुटीकने फोटो बघून एकाच डिझाइनचे दहा नेकपीस मागितलेत आणि मला झोप नाहीये. नातेवाईकांचं वेगळंच, एवढं शिकून परत कातडंच हातात घेतलं म्हणतात. मी करते ते डिझाइन आहे की नुसता टाइमपास?
– ओल्या हातांची

ओल्या हातांच्या मुली, नाही, टाइमपास नाहीये. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझा पीस मरतो यात तुझ्या ड्रॉइंगचा दोष नाही. कागदावरच्या रेघेला जाडी नसते, ताण नसतो, ती कुठल्याही दिशेला सारखीच वळते. चामडं तसं नाही ना. पाठीच्या कण्याजवळचं चामडं घट्ट असतं, तिथले तंतू एकमेकांत गच्च गुंतलेले, ते फारसं ताणत नाही आणि कण्याच्या दिशेने तर अजूनच कमी ताणतं. पोटाकडे आणि पायांच्या सांध्याजवळ तेच तंतू सैल, तिथलं ओढलं की येत जातं. तू कागदावर एक छान टोकदार वळण काढलंस आणि ते अडीच मिलीमीटर जाडीच्या पाठीच्या तुकड्यातून काढायला गेलीस तर बाहेरच्या बाजूला वरचा थर तडकणार आणि आतल्या बाजूला गोळा होणार, मग तू ते ओढून ताणून शिवतेस आणि ती ओढाताण पीसमध्ये दिसते. हातात घेऊन करतेस तेव्हा तुझी बोटं हे सगळं आपोआप जोखत असतात, कुठे जातंय, कुठे अडतंय, किती दाबलं की परत उसळतंय. ज्याला कोर्समध्ये इंट्यूशन म्हणतात ते हेच, आणि ते तुझ्याकडे तुझ्या घरातून आलंय, चपलांच्या मध्ये रांगत मोठी झालीस तू.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की खेळ आधी, ड्रॉइंग नंतर, फक्त खेळाला नियम पाहिजेत आणि नोंद पाहिजे. सध्या तुझ्याकडे खेळ आहे पण या दोन गोष्टी नाहीयेत, म्हणून दुसऱ्यांदा जमत नाही.

पण त्याआधी बाबांचं बोलू, कारण घरात रोज धुसफूस चालू असेल तर कसला खेळ होणार. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहेत गं. तळाला लागतं ते जाड, घट्ट चामडं, सगळ्यात महाग, आणि तू त्यातला चांगला तुकडा उचलून बादलीत बुडवलास तर त्यांना समोर चपलेचा जोड जाताना दिसतो. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून कच्च्या मालाची ओढाताण वाढलीये, ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीये. आता गंमत अशी की तळासाठी जे त्यांना नको असतं तेच तुला हवंय. पोटाचा भाग तळाला चालत नाही कारण तो सैल, पसरतो, चपलेचा आकार धरत नाही. पण ओलं करून घडवायला तोच सगळ्यात मस्त, कारण तो ताणतो, सुरकुततो, कसाही वळतो आणि वाळला की तसाच राहतो. त्यांच्याकडे जा आणि सांग, बाबा मला पाठ नको, मला पोट द्या आणि कातरण द्या. मला वाटतं निम्मं भांडण तिथेच मिटेल.

आणि अजून एक कर. एक सकाळ त्यांच्या शेजारी नुसती बस, ते तळ कापायच्या आधी कातड्याचं काय करतात ते बघ. नमुना ठेवायच्या आधी वाकवून बघतील, अंगठ्याने दाबतील, उलटं करून मांसाच्या, म्हणजे आतल्या खरखरीत बाजूने हात फिरवतील, मग ठरवतील इथे डावा ठेवायचा, इथे उजवा, हा कोपरा सोडून द्यायचा. कुठे लिहिलेलं असतं ते? त्यांना मोठ्याने बोलायला लाव, का सोडला हा कोपरा, काय लागलं हाताला, आणि लिहून घे. तू ज्याला तुझं एकटीचं विचित्र वागणं समजतेस ते त्या घरात रोज चालतं, फक्त त्याला कोणी कन्सेप्ट म्हणत नाही. आईचं पण तेच, वेणी घालताना प्रत्येक पट्टीला किती ओढ द्यायची हे तिच्या बोटांना कळतं. ओली वेणी वळणात बांधून वाळवली तर ती वळण धरून बसते, नेकपीससाठी हे फार कामाचं आहे, करून बघ.

आता नियम. जर्मनीत बाऊहाऊस नावाची डिझाइनची शाळा होती, तिथे १९२० च्या दशकात जोसेफ आल्बर्स पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे. ते मुलांना वर्तमानपत्रं द्यायचे आणि सांगायचे यातून काहीतरी करा, कागदाचा स्वभाव ओळखून करा, शक्यतो हत्यार-गोंद न वापरता, आणि कचरा पडता कामा नये. बस. त्यांच्याच वर्गातून ती गोल कागदाला एकात एक वर्तुळांच्या घड्या घालायची युक्ती प्रसिद्ध झाली, एक घडी वर एक घडी खाली, आणि सपाट गोल आपोआप खोगिरासारखा वळून उभा राहतो. कोणी वळवत नाही, घडीच वळवते. तुझ्या हाताला हे लगेच आवडेल. चामड्यावर नुसती घडी बसत नाही, त्यामुळे रेघेवर पातळ खाच पाडावी लागते, घडी ज्या बाजूला मिटणार त्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे एक वर्तुळ वरून तर पुढचं खालून. दीड मिलीमीटरच्या आसपासचं चामडं घे, खाच निम्म्या जाडीपेक्षा खोल नको, मग भिजवून घडी घाल. पहिल्याच गोलात तुला कॉलर दिसायला लागेल, माझी खात्री आहे.

असाच एक-एक नियम घेऊन खेळ. एका बैठकीत एकच गोष्ट. कातरणातून सारख्या मापाचे चौकोन काप, समज १५ सेंटीमीटरचे, आणि आज फक्त चिरा द्यायच्या, शिवायचं नाही, चिकटवायचं नाही. समांतर चिरा देऊन ओढलं की जाळी उघडते, चिरा आलटून-पालटून दिल्या की अजून लांब जाते, गोलातून चकलीसारखी चीर देत आत गेलं की लटकणारी पट्टी निघते. उद्या फक्त चिमट्या, चामडं ओलं आहे आणि बोटाने चिमटी काढून दोऱ्याने बांधायची. परवा फक्त एकातून दुसरं ओवायचं, जीभ आणि फट, टाका नाही. नियम नसला की हात जे ओळखीचं आहे तेच करत राहतो, दर वेळी तोच पिळा, तीच घडी, तुझ्याबाबतीत पण होत असणार हे. बाकीचं सगळं बंद केलं की हाताला नवीन वाट शोधावीच लागते.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगते कारण पत्रात तू नुसतं "ओलं करून" लिहिलंयस आणि खरी गोम तिथेच आहे. पहिली गोष्ट, हा सगळा खेळ बाभूळ-हिरड्यात किंवा कुठल्याही झाडपाल्याच्या टॅनिनमध्ये कमावलेल्या चामड्याचा. घरचं तसंच असेल, पण बाजारातून मऊ रंगीत चामडं आणलंस तर ते बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमने कमावलेलं असणार. कापलेल्या कडेला निळसर-करडी झाक दिसते का बघ, आणि वर पाण्याचा थेंब टाक, कोरं व्हेज टॅन, म्हणजे झाडपाल्याचं चामडं, थेंब पिऊन गडद होतं. क्रोमचं चामडं ओलं करून कितीही दाबलंस तरी वाळल्यावर बरंचसं परत पहिल्यासारखं होतं, कारण क्रोमियमने तंतू पक्के बांधून टाकलेले असतात. ते टाकून नको देऊस, त्याच्या चुण्या, झालरी, आत काहीतरी भरून फुगवलेले आकार मस्त होतात, फक्त त्याच्याकडून साच्यासारखा आकार मागू नकोस.

व्हेज टॅन मात्र पाण्यात बुडवून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेव, बाहेर काढ, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवून दे. कणीक मळून झाकून ठेवतो तसंच आहे हे, ओल आतपर्यंत सारखी मुरली पाहिजे. सकाळी उघडं ठेव आणि वाट बघ, रंग परत फिका व्हायला लागला पण गालाला लावलं तर थंड लागतंय, तो क्षण घडवायचा. त्याआधी केलंस तर लिबलिबीत राहतं, उशीर केलास तर वळत नाही. पाणी साधं किंवा कोमट. उकळतं नको, झाडपाल्याचं चामडं साधारण ७५ ते ८५ डिग्रीच्या पाण्यात आकसायला लागतं, कडक आणि ठिसूळ होतं. युरोपात मध्ययुगात चामड्याची चिलखतं आणि डबे पाणी-उष्णता वापरून असे मुद्दाम कडक करायचे, तू पण एखाद्या कातरणावर काही सेकंद करून बघ, जे वेडंवाकडं आकसतं ते कधीकधी फारच सुंदर असतं, पण आधी कातरणावरच.

लोखंड लांब ठेव. ओल्या चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळा-निळा डाग पडतो आणि तो सहज निघत नाही, त्यामुळे साधे खिळे, टाचण्या, कागदाच्या काळ्या क्लिपा नको, पितळ, लाकडी चिमटे, सुती दोरा वापर. नखं कापून बस, ओल्या चामड्यावर नखाची खूण कायमची राहते. आकार द्यायला विकतचा साचा कशाला, नदीतले गोटे, खलबत्त्याचा बत्ता दगडी असेल तर तो, बाटली, वाट्या, स्वतःचा गुडघा. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली, उन्हात नको. पावसाळ्यात वाळायला किती दिवस लागतील सांगता येत नाही आणि बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर मोठे पीस करूच नकोस, तेव्हा चिरा आणि ओवण्याचे कोरडे खेळ खेळ.

आता तुझी झोप उडवणारी गोष्ट, दुसऱ्यांदा न जमणं. भिजवायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या मांसाच्या बाजूला पेनाने एक-एक सेंटीमीटरच्या चौकटी आखून घे आणि लिही, कुठलं जनावर, अंगाचा कुठला भाग, जाडी किती, कणा कुठल्या दिशेला, किती वेळ भिजवलं. घडवताना फोन स्टँडवर लावून व्हिडिओ चालू ठेव, बघायचा पण नाही, नुसता चालू. वाळल्यावर त्या चौकटी बघितल्या की कळतं कुठे ताणलं गेलंय, चौकोन कुठे लांबट झालाय, कुठे आवळलाय. आणि जो पीस खरंच जमलाय त्याच्यावर कागदी चिकटपट्टी पूर्ण चिकटव, पेनाने कडा आणि घड्या उमटव, मग पट्टी कापून सोलून काढ आणि सपाट कागदावर पसर. तुझं पॅटर्न तयार. बुटांचे पॅटर्न करणारे फर्म्यावरून, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावरून, असंच काढतात, त्यामुळे बाबांना हे दाखवलंस तर त्यांना लगेच पटेल. ड्रॉइंग इथे येतं, तुझ्या खेळाच्या मागून, आणि हे ड्रॉइंग मरत नाही कारण ते चामड्यावरूनच उतरलेलं असतं. सरांना कन्सेप्ट पाहिजे होता ना, हा व्हिडिओ, या चौकटी, हे पॅटर्न, हीच प्रोसेस आहे आणि भरपूर आहे.

तरीही दहा हुबेहूब सारखे होणार नाहीत आणि होऊ पण नयेत असं मला वाटतं. कापायचं पॅटर्न सारखं, माप सारखं, हुक सारखा, वजन जवळपास सारखं, पण घडी प्रत्येकाची स्वतःची. किंवा उना बर्क म्हणून आयरिश डिझायनर आहे तिचं काम बघ, ती व्हेज टॅन चामड्याचे वळवलेले तुकडे एकावर एक ठेवून रिव्हेटने जोडत जाते आणि त्यातून अंगाभोवती चिलखतासारखे मोठे आकार उभे राहतात. म्हणजे छोटा तुकडा पक्का ठरलेला आणि जोडणी मोकळी. तुला दहाची ऑर्डर सांभाळायला ही वाट बरी पडेल. कातरणातून काम करण्याची लाज वाटत असेल तर सांगते, एर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडने २०१० मध्ये पेती आश नावाचं वर्कशॉप सुरू केलं, पास्काल मुसार्द यांनी, तिथे वस्तू आधी ठरत नाही, उरलेलं चामडं, काच, चिनीमाती, रेशीम समोर ठेवतात आणि त्यातून काय होतंय ते शोधतात. चामड्याच्या इतक्या महागड्या ब्रँडला हे डिझाइन वाटतं, तर तुझ्या अंगणात ते टाइमपास कसं होईल?

आणि लांब कशाला जायचं. आपल्याकडची मोट आठव, म्हणजे तू बघितली नसशील, आजोबांना विचार. विहिरीतून पाणी काढायची चामड्याची पिशवी, पाणी भरलं की पोट धरायची, सोंडेतून ओतायची. पखालही तशीच. तो आकार पाण्याच्या वजनाने आणि चामड्याच्या ताणाने ठरलेला आहे, तुला शिल्पासारखी बॅग करायचीये ना, तिथून सुरू कर. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तिथली लोककला जपण्याच्या कामासाठी. तिथे चामड्यातून उजेड कसा आरपार येतो ते जाऊन बघ, एसटीने जा, राहा एक दिवस.

नातेवाईकांचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं. त्यांच्या बोलण्यामागे काय आहे ते तुला पण माहितीये, या कामामुळे पिढ्यान्‌पिढ्या जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांना तुझ्या वाट्याला नकोय. त्यामुळे त्यांच्याशी भांडू नकोस. पण म्हणून हात पण धुऊन टाकू नकोस. धारावीत सुधीर राजभर यांनी चमार स्टुडिओ काढला, शिवीसारखं वापरलं जाणारं नाव मुद्दाम ब्रँडवर लावलं, तिथल्याच कारागिरांना घेऊन रिसायकल केलेल्या रबराच्या बॅगा केल्या, आणि आज ते काम डिझाइनच्या जगात मानाने बघितलं जातं. तुझ्या टॅगवर तुझं नाव, बाबांचं नाव आणि वेणी असेल तर आईचं नाव, तिन्ही छाप. फक्त नेकपीसला "कोल्हापुरी" म्हणून विकू नकोस, २०१९ चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, हे चपलेचं आहे, तो मान चपलेकडेच राहू दे.

एक राहिलं, घालून बघणं. शिल्प शेल्फवर ठेवायचं असतं, तुझा पीस मानेवर घामात बसणार आहे. घामाने कोऱ्या चामड्याचा रंग उतरतो आणि पांढऱ्या कुडत्यावर पिवळट डाग पडतो, म्हणून मानेला लागणाऱ्या बाजूला पातळ बकरीच्या चामड्याचं अस्तर लाव, बाहेरून मधमाशीचं मेण घासून बसव. कडा गळ्याखालच्या हाडाला टोचते का, वाकलं की वर येऊन हनुवटीला लागते का, केस अडकतात का, हे मैत्रिणीला दिवसभर घालायला देऊन बघ, तिला गर्दीच्या बसमध्ये पाठव. बॅग असेल तर फोन आणि डबा जातो का आणि बंद होते का. जे टोचेल तिथे परत ओलं करून बोटाने वळव, हा पण खेळच आहे आणि सगळ्यात चांगले आकार कधीकधी इथेच निघतात.

बुटीकला आजच मेसेज टाक, न घाबरता, सरळ भाषेत: "हे पीस हाताने घडवलेले आहेत, पॅटर्न आणि माप सारखं राहील, घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतील. आधी तीन देते, ते बघून उरलेल्या सातांचं ठरवू. निम्मे पैसे आधी लागतील." किंमत काढताना चामडं, हुक, अस्तर आणि शिवायचे तास तर धरच, पण त्या डिझाइनपर्यंत पोचायला खेळण्यात गेलेले तास पण लिही आणि दहा पिसांवर वाटून टाक. आई-बाबांची मजुरी बाहेरच्या कारागिराला देशील तीच लाव, घरचे आहेत म्हणून शून्य नाही. ते म्हणाले हुबेहूबच पाहिजेत आणि याच्यात बसत नाही, तर सरळ नाही म्हण, ते काम फॅक्टरीतल्या प्रेसचं आहे. आणि पहिल्या तिघांचे फोटो मला नक्की पाठव, मांसाच्या बाजूच्या चौकटींचे पण.